हिराकसाचं पाणी

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आज चालताना विजेच्या तारांची भेंडोळी अंगावर येतात. नाव तपकिरीचं, माल तांब्याचा. लहानपणी अब्बांचं बोट धरून मी या पेठेत यायचो, ते काष्ठौषधींच्या दुकानात. दुकानदार हिरव्या खड्यांची पुडी बांधून देई. तो हिराकस. शेजारच्या बरणीतले निळे खडे म्हणजे मोरचूद. आजी त्यालाच नीलाथोथा म्हणे. शब्दांचा नाद मला बहुधा तिथेच लागला.

हिरड्याची पूड उकळून, गाळून त्यात हिराकस टाकला की शाई तयार. लिहिताना ती फिकट दिसे आणि वाळता वाळता काळीभोर होई. मला ती जादू वाटायची. जादू एवढीच, की हिराकसातल्या लोहावर हवेतला प्राणवायू काम करतो आणि बदललेलं लोह हिरड्यातल्या तुरट द्रव्याशी मिळून काळा रंग धरतं. मी शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. त्यामुळे लोहातल्या याच बदलावर पोट भरणारा एक जीव पृथ्वीवर आहे, हे मला फार उशिरा कळलं.

हिराकस यायचा खाणींच्या मुलखातून. राजस्थानात खेत्रीच्या तांब्याच्या खाणींपाशी एकोणिसाव्या शतकात टाकाऊ दगडांतून हिराकस, मोरचूद आणि तुरटी काढत असत. लोह आणि गंधक एकत्र असलेला पिवळा, चकचकीत पायराइट जमिनीत निमूट असतो. खणून उघडा टाकला, पाऊस-वारा लागला, की त्याचा हिराकस होतो आणि सोबत गंधकाचं आम्ल सुटतं. सोडून दिलेल्या खाणीत हे पाणी साचतं आणि तळं होतं, लिंबाच्या रसाइतकं आंबट.

हा सारा निर्जीव रसायनांचा खेळ आहे, असं लोक समजत होते. 1947 साली अमेरिकेतल्या कोल्मर आणि हिंकल यांनी कोळशाच्या खाणीतल्या आम्लपाण्यात जिवंत जीवाणू दाखवले. 1951 मध्ये त्यांचं नामकरण झालं : थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. आता त्या नावाच्या आरंभी ‘अ‍ॅसिडी’ लागलं आहे. आम्लात हवेचं काम फार मंद चालतं. हे जीवाणू ते लाखो पट वेगाने करतात. त्यांनी बदललेलं लोह नव्या पायराइटवर तुटून पडतं, त्यातून आणखी आम्ल आणि आणखी लोह सुटतं. त्यांना ऊन लागत नाही, अन्न लागत नाही. दगड पुरतो.

स्पेनमध्ये, अंदलुसियात, रिओ तिंतो नावाची नदी आहे. तिचं पाणी तांबडंलाल आणि आम्ल. स्पॅनिशमध्ये तिंतो म्हणजे रंगवलेला, आणि शाईला शब्द आहे तिंता. दोन्ही एकाच मुळाचे. तिच्या काठी हजारो वर्षं तांबं खणलं गेलं. खनिज उघड्यावर भाजत, त्या धुराने शेतं करपत. 4 फेब्रुवारी 1888 रोजी शेतकरी आणि खाणकामगार एकत्र येऊन त्याविरुद्ध उभे राहिले, तेव्हा सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ब्यूट गावची बर्कली खाण 1955 ते 1982 अशी सत्तावीस वर्षं चालली. पंप बंद झाले आणि खड्डा भरू लागला. नोव्हेंबर 1995 मध्ये वादळात सापडलेले पांढरे हंस त्या पाण्यावर उतरले. त्यांतले 342 मेले. त्याच पाण्यातल्या एका बुरशीपासून वेगळं केलेलं द्रव्य प्रयोगशाळेत कर्करोगाच्या काही पेशींना रोखतं, असं 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याचं औषध झालेलं नाही. तिथलं पाणी शुद्ध करत राहणं मात्र आता पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे.

आपल्यालाही हे फार दूरचं नाही. गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड ही तांब्याची मोठी खाण 1982 पासून चालू आहे. तिथल्या कमी प्रतीच्या खनिजातून तांबं सोडवण्यासाठी याच जीवाणूंचे प्रयोग झाले. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतही जीवाणूंकडून धातू मिळवण्यावर काम झालं आहे. 2020 मध्ये लोणारचं क्षारयुक्त सरोवर गुलाबी झालं, तेव्हा मीठप्रेमी सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवणाऱ्यांतही हीच संस्था होती. जुन्या संगणकांच्या पाट्यांतलं तांबंही हे जीवाणू प्रयोगशाळेत सोडवून देतात. म्हणजे तपकीर गल्लीतला माल भंगारात गेल्यावरही ते कामाला येऊ शकतील.

पण ते काय करतील, हे आपण त्यांना कुठे नेतो त्यावर ठरतं. टाकीत, राखणीखाली, ते तांबं देतात. तांबं काढून पाठ फिरवलेल्या खड्ड्यात तेच जीवाणू पाणी नासवतात.

अब्बांची एक वही माझ्याकडे आहे. घरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांनी त्या घरच्या शाईने केल्या. अक्षरं अजून काळी आहेत. मात्र जिथे टाक जास्त दाबला गेला, तिथे हिराकसाच्या आम्लाने कागद खाल्ला आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूची तारीख तशीच गेली. त्या जागी आता पाठीमागचं पान दिसतं.