खाते हा मुद्देमाल कधी झाला? बँक खाती गोठवण्याच्या अधिकाराचा इतिहास

१/ समजा, एका भाजीविक्रेत्याला मेथीच्या दोन जुड्यांचे ४० रुपये यूपीआयने मिळाले. महिन्याभराने त्याचे संपूर्ण खाते गोठले. बँक म्हणते, परराज्यातील सायबर पोलिसांचे पत्र आहे. ते ४० रुपये कुणाच्या तरी फसवणुकीतून फिरत आले होते. हा अधिकार पोलिसांकडे आला कोठून आणि त्याची मर्यादा कोणती? #धागा

२/ आरंभ १८४८ मध्ये आहे. फोली विरुद्ध हिल या खटल्यात लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की, बँकेत ठेवलेला पैसा बँकेचा होतो. ठेवीदार धनको आणि बँक ऋणको. म्हणजे खाते ही नाण्यांची थैली नव्हे. ते आहे मागणी करण्याचा हक्क.

३/ याउलट १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ५५० हाती धरता येणाऱ्या वस्तूंच्या जगातले होते. चोरीच्या संशयाची अथवा संशयास्पद स्थितीत सापडलेली मालमत्ता पोलिसाने जप्त करावी आणि कनिष्ठ असल्यास ठाण्याच्या प्रमुखाला तत्काळ कळवावे. दागिना, गुरे, भांडी यांना हे सहज लागू पडे.

४/ १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली आणि ५५० चे कलम १०२ झाले. मात्र जप्तीची खबर अजून पोलिसांच्या उतरंडीतच राहत होती. १९७८ च्या दुरुस्तीने पोटकलम ३ आले: प्रत्येक जप्ती दंडाधिकाऱ्याला तत्काळ कळवलीच पाहिजे.

५/ ही दुरुस्ती लहान दिसते, पण तिने जप्ती न्यायालयाच्या नजरेखाली आणली. योगायोग असा की, १९७८ च्याच ४४ व्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला आणि अनुच्छेद ३००-अ दिला: कायद्याच्या आधाराविना कुणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही.

६/ मूळ पेच उरलाच होता. मागणी करण्याचा हक्क ‘जप्त’ कसा करायचा? उच्च न्यायालयांत मतभेद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने खाते कलम १०२ च्या ‘मालमत्ते’त बसत नाही असे मानले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

७/ १९९९: महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी. प्रकरण भ्रष्टाचाराचे होते. लाचेचा पैसा खात्यात ठेवला की तपासाचे हात बांधले जावेत, हे न्यायालयाला मान्य नव्हते. आरोपीचे किंवा त्याच्या नातलगाचे खाते ही ‘मालमत्ता’ ठरली आणि खाते गोठवण्याचा अधिकार पक्का झाला.

८/ पण त्याच निकालात एक अट आहे, जी पुढे वारंवार विसरली गेली: खात्यातील पैशाचा गुन्ह्याशी थेट संबंध हवा. २०१९ मध्ये नेवाडा प्रॉपर्टीज प्रकरणात आणखी एक सीमा आखली गेली. कलम १०२ खाली पोलिसांना स्थावर मालमत्ता जप्त करता येत नाही.

९/ त्याच वर्षी राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल सुरू झाले. २०२१ मध्ये आर्थिक फसवणुकीसाठी मदतक्रमांक आला, जो पुढे १९३० झाला. हेतू रास्त होता. लुटलेला पैसा काही मिनिटांत अनेक खात्यांतून पळतो. तो वाटेतच अडवला नाही, तर परत मिळणे दुरापास्त.

१०/ मात्र साखळीतील प्रत्येक खाते अडवताना शेवटच्या कड्यांवर दुकानदार, रिक्षाचालक, विद्यार्थीही सापडतात. संशय ४० रुपयांचा, पण अडकतो महिन्याचा पगार, घरभाडे, औषधाचे पैसे. तक्रार दूरच्या राज्यात असल्याने दाद मागण्याचा प्रवासखर्चच वादातल्या रकमेहून मोठा होतो.

११/ येथे उच्च न्यायालये पुढे आली. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने गोठवणूक पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरती ठेवण्यास सांगितले. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका खात्यात सुमारे अडीच लाख रुपये राखून उरलेला व्यवहार खुला केला.

१२/ आणि दंडाधिकाऱ्याला कळवलेच नाही तर? २०२४ मध्ये शेंटो वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले: केवळ विलंबाने जप्ती रद्द होत नाही, पण विलंबाचे कारण तपासले जाईल आणि अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई होऊ शकते. माझ्या मते, येथे १९७८ च्या दुरुस्तीची धार काहीशी बोथट झाली.

१३/ १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. १०२ चे कलम आता १०६. नवे कलम १०७ गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेसाठी आहे: पोलीस अधीक्षक वा आयुक्तांच्या मान्यतेने न्यायालयाकडे अर्ज, सामान्यतः १४ दिवसांची नोटीस, मग टाच. पोलिसांचे पत्र आणि न्यायालयाचा आदेश यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

१४/ म्हणून खाते गोठले तर बँकेकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तक्रार क्रमांक, वादातील रक्कम, पोलिसांच्या पत्राची प्रत. दंडाधिकाऱ्याला कळवले का, हे तपास अधिकाऱ्याला विचारावे. मालमत्ता परत मिळवण्यासाठी कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. उच्च न्यायालयाचा मार्गही खुला असतो.

१५/ १८९८ चे हत्यार चोरीच्या दागिन्यासाठी घडवले होते. दागिना जप्त झाला, तर मालकाची चूल थांबत नसे. आज खाते थांबले की चूलही थांबते. फसवल्या गेलेल्या माणसाचा पैसा वाचलाच पाहिजे; तो वाचवताना दुसऱ्या निरपराध माणसाचे जगणे अडू नये, याचसाठी ‘थेट संबंध’ आणि ‘तत्काळ’ हे शब्द कायद्यात आहेत. धागा समाप्त.