माहीमची खाडी आणि माहीमचें गांव

दादरहून वांद्र्याला जातांना माहीमची खाडी ओलांडली नाहीं असा मुंबईकर विरळाच. डाव्या हातास समुद्र, उजव्या हातास मिठी नदीचें काळें पाणी आणि तिवरांची झाडी; मोटारींच्या गर्दींत तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु हीच खाडी एके काळीं दोन राज्यांची सरहद्द होती, आणि माहीमचा बहुतेक इतिहास तिच्या कांठीं घडला आहे.

कोटांतील मुंबई नांवारूपास येण्यापूर्वीं कित्येक शतकें माहीम हें नांदतें गांव होतें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरीं’त बिंब राजानें येथें राजधानी केल्याची हकीकत आहे. बखरींतील शक व वंशावळी जशाच्या तशा स्वीकारतां येत नाहींत. तथापि गांवाचें जुनेपण तिच्यावरून स्पष्ट दिसतें. पुढें गुजरातच्या सुलतानांचें ठाणें येथें बसलें. त्याच काळीं मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे थोर विद्वान येथें होऊन गेले. कुराणावर त्यांनीं अरबींत भाष्य लिहिलें, म्हणजे या बंदरांत मालाबरोबर विद्याही नांदत होती. त्यांच्या दर्ग्याची डिसेंबरांतील जत्रा प्रसिद्धच आहे. तिची पहिली चादर पोलिसांच्या हस्तें चढते.

१५३४ सालीं वसईच्या तहानें हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. सेंट मायकेलचें देऊळ त्याच सुमाराचें मानतात. आजची इमारत मात्र अगदीं अलीकडची आहे. १६६१ मध्यें पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, तेव्हां माहीम त्या आंदणांत येतें कीं नाहीं हाच मोठा वाद उपस्थित झाला. पोर्तुगीज म्हणत, माहीम निराळें बेट आहे. हम्फ्री कुक यानें ओहोटीच्या वेळीं मुंबईहून माहीमला पायीं जातां येतें असें दाखवून १६६५ सालीं तें ताब्यांत घेतलें. तहाचा अर्थ समुद्राच्या भरती-ओहोटीवरून लावण्याचा हा प्रकार मौजेचा खरा!

तेव्हांपासून खाडीच्या अलीकडे इंग्रज व पलीकडे पोर्तुगीज अशी स्थिति झाली. १६८९ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानें मुंबईवर स्वारी केली, तेव्हां माहीमही त्याच्या हातीं पडलें. पुढें १७३७ मध्यें साष्टी व १७३९ मध्यें वसई मराठ्यांनीं जिंकली. त्या धामधुमींत वांद्र्याच्या डोंगरावरील मेरीची मूर्ति भाविकांनीं खाडी ओलांडून माहीमच्या देवळांत आणून ठेविली. ती १७६१ पर्यंत तेथेंच राहिली. १७७४ सालीं साष्टी इंग्रजांनीं घेतली आणि सरहद्द नाहींशी झाली, पण पाणी होतें तसेंच राहिलें.

त्या पाण्यानें पुष्कळांचा जीव घेतला. पावसाळ्यांत होड्या उलटत. रस्ता बांधावा ही मागणी होती, परंतु कंपनी सरकार खर्चास तयार होईना. शेवटीं सर जमशेदजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं १,५७,००० रुपये दिले. मात्र या रस्त्यावर सरकारनें कधींही पथकर घेऊं नये अशी अट घातली. १८४३ मध्यें सुरू झालेलें काम १८४५ सालीं पुरें झालें. पैसे पुष्कळांनीं दिले असते. पण गाडीवान आणि डोकीवर पाटी घेऊन बाजारास येणारी कोळीण यांच्या खिशाचा विचार त्या बाईंनीं आधीं केला, ही गोष्ट विशेष. माहीमच्या हमरस्त्यास लेडी जमशेदजी हें नांव आहे तें त्यांचें. २००९ सालीं वांद्रे ते वरळी समुद्रांतून नवा पूल झाला; त्यावर पहिल्यापासून पथकर आहे.

खाडीच्या तोंडाशीं माहीमचा किल्ला अजून उभा आहे. याच्याच तोफा एके काळीं पलीकडच्या वांद्र्याकडे रोखलेल्या असत. कित्येक वर्षें तटाच्या आंत झोंपड्यांची दाट वस्ती होती; ती अलीकडे हलवून कुटुंबांना दुसरीकडे घरें देण्यांत आलीं. भरतीच्या लाटांनीं तटाचा कांहीं भाग ढांसळला आहे, आणि उरलेल्या भागाच्या पायथ्याशीं कोळ्यांच्या होड्या लागतात.