शहापूर व मुरबाड तालुक्यांतील प्रेक्षणीय स्थळे

शहापूर व मुरबाड हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याला वसलेले ग्रामीण तालुके आहेत. भातशेती, जंगल आणि वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती ही या भागाची ओळख आहे.

तानसा व जलाशय

तानसा, मोडकसागर व भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांपैकी तानसा सर्वांत जुने असून ते १८९२ मध्ये पूर्ण झाले. असे असूनही तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. तानसा जलाशयाभोवतीच्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. अतिशय दुर्मीळ अशा रानपिंगळ्याची नोंद येथे २०१४ मध्ये झाली. हा पक्षी नामशेष झाला असावा, असे १९९७ पर्यंत मानले जात होते.

माहुली

माहुली, भंडारगड आणि पळसगड मिळून हा दुर्गसमूह बनतो. आसनगाव हे जवळचे रेल्वे स्थानक आहे. निजामशाहीच्या अखेरच्या काळात शहाजीराजांनी येथे आश्रय घेतला होता. १६३६ मध्ये मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे त्यांना शरणागती पत्करावी लागली. पुढे हा किल्ला शिवाजी महाराजांकडे आला, पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात दाखल झाला. सुळक्यांमुळे हा परिसर प्रस्तरारोहकांच्या आवडीचा आहे. नवरा, नवरी व भटोबा ही सुळक्यांची नावे लग्नाच्या वऱ्हाडावरून पडली आहेत.

नाणेघाट

कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा हा प्राचीन व्यापारी मार्ग मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढतो. घाटमाथ्यावरील लेणे जुन्नर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात मोडते. तरीही प्राचीन काळच्या व्यापाऱ्यांप्रमाणे ही वाट चालायची असेल, तर सुरुवात मुरबाडकडूनच करावी लागते. लेण्यातील सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लिपीतील शिलालेखात यज्ञ व दानांचा तपशील आहे. दानांच्या संख्या अंकांत कोरलेल्या असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा ठरतो. शेजारी राजकुटुंबाच्या प्रतिमा होत्या; आज त्यांचे भग्न अवशेष व वरची नावे तेवढी दिसतात.

सिद्धगड

भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरातील या डोंगरात २ जानेवारी १९४३ रोजी इंग्रज पोलिसांशी झालेल्या चकमकीत क्रांतिकारक भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. 'चले जाव' चळवळीच्या काळात कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबईकडील वीजपुरवठा खंडित करण्याची मोहीम चालवली होती. हुतात्म्यांच्या स्मरणार्थ येथे स्मारक असून दरवर्षी २ जानेवारीला लोक अभिवादनासाठी जमतात.

इतर स्थळे

देहरी गावाजवळच्या गोरखगडावर कातळात खोदलेल्या पायऱ्या व गुहा आहेत. शेवटचा चढ सावधगिरीने करावा लागतो. माळशेज घाट पावसाळी धबधब्यांसाठी प्रसिद्ध आहे, मात्र त्या दिवसांत तेथे दरडी कोसळतात. पौष पौर्णिमेला भरणारी म्हसा गावची खांबलिंगेश्वराची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी ओळखली जाते. बैलांबरोबरच घोंगड्या व शेतीची अवजारेही तेथे विकली जातात.