कोंबडीच्या गाठीत सापडलेलं जनुक

कर्करोगाच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त आवडतं ते पात्र म्हणजे एक कोंबडी.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांच्याकडे प्लिमथ रॉक जातीची ही कोंबडी आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. राऊसनी ती गाठ काढून वाटली. पेशी आणि जिवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून रस गाळला आणि तिच्याच वाणाच्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी आल्या! म्हणजे गाठ घडवणारी वस्तू पेशीपेक्षाही लहान होती. ती विषाणू होती. १९११ मध्ये त्यांनी हे छापलं, पण ‘कोंबड्यांचा आजार, माणसाला त्याचं काय’ असंच बहुतेकांना वाटलं. राऊसना नोबेल मिळालं १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी.

पण विषाणू गाठ करतो कशी? १९७० साली स्टीव्ह मार्टिन यांनी या विषाणूचा एक वेगळा प्रकार शोधला. तापमान वाढवलं की बिघडलेल्या पेशी ताळ्यावर येत, विषाणूची वाढ मात्र चालूच राहायची. म्हणजे गाठ घडवणारं जनुक विषाणूच्या स्वतःच्या जगण्यासाठी लागतच नव्हतं. त्या जनुकाचं नाव ‘सार्क’.

मग ते त्याच्याकडे आलं कुठून? सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने १९७६ मध्ये उत्तर दिलं. निरोगी कोंबडी, बदक, टर्की, अगदी एमूच्याही डीएनएमध्ये या जनुकाचा जवळचा नातलग सापडला. चोर विषाणूच होता! पेशीच्या वाढीचं काम पाहणारं जनुक त्याने कधीतरी पळवलं होतं, आणि त्याच्याकडे जाऊन त्याचा लगाम सुटला होता. १९८९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

माझ्या मते, इथे प्रश्नच बदलला. बाहेरचा शत्रू शोधता शोधता शास्त्रज्ञ आपल्याच पेशीत येऊन पोचले. उंदरांच्या एका विषाणूत ‘एबल’ नावाचं असंच जनुक मिळालं होतं. पुढे माणसाच्या एका रक्ताच्या कर्करोगात, विषाणूचा काही संबंध नसताना, तेच जनुक तुटून भलत्या जागी जोडलेलं दिसलं. त्याच्या प्रथिनाला आवरणारं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ साली मंजूर झालं. रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं कामधंदा करणारे रुग्ण आज भारतातही आहेत.

म्हणून ‘हे तर जनावरांवरचं संशोधन’ असं कुणी म्हणालं, की मी त्यांना या कोंबडीची गोष्ट सांगतो.