मल्लखांबाचे आचार्य बाळंभटदादा देवधर

नाशिकचे घाट मागे टाकून गोदावरी पूर्वेकडे निघाली की दसक-पंचकावरून ती एकलहऱ्यास येते. तेथील वीजकेंद्राची धुराडी आज कोसभरावरून दिसतात आणि गावाचे नाव निघताच प्रथम त्या धुराड्यांचेच स्मरण होते. परंतु प्रवाहाच्या ओघाने तसेच खाली गेले, सायखेडे-चांदोरी ओलांडून निफाड तालुक्यातील नांदूर-मध्यमेश्वराच्या बंधाऱ्यापाशी पोचले, म्हणजे त्या बंधाऱ्याच्या पाणफुगवट्यालगत कोठुरे नावाचे गाव लागते. हा सारा काठ उसाचा आणि द्राक्षांचा म्हणून प्रसिद्ध आहे. याच काठावर दीडदोनशे वर्षांपूर्वी एक व्यायामशिक्षक होऊन गेला आणि त्याने शिकविलेली विद्या आज साता समुद्रांपलीकडची मुले शिकत आहेत, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते. त्या शिक्षकाचे नाव बाळंभटदादा देवधर.

दादांचा जन्म सन १७८० चा. दुसरे बाजीराव त्यांच्याहून पाच वर्षांनी वडील. रघुनाथरावांच्या पश्चात बाजीरावांचे बालपण कोपरगाव-आनंदवल्लीच्या बाजूस, म्हणजे याच गोदाकाठी, नजरकैदेत गेले. पुढे सन १७९६ च्या अखेरीस त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि काही काळाने गोदाकाठचा हा ब्राह्मण तरुण त्यांच्या पदरी व्यायामविद्येचा जाणता म्हणून नावारूपास आला.

तो नावारूपास कसा आला, याची कथा आखाड्यांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन प्रचंड मल्ल पेशव्यांच्या दरबारी आले. वाटेतल्या दरबारांतील पैलवानांस त्यांनी चीत केले होते. पेशव्यांच्या पैलवानांस त्यांनी आव्हान दिले, तेव्हा दरबार स्तब्ध झाला. कोणी पुढे येईना. अशा वेळी मिसरूड फुटलेले एक पोर उठून म्हणाले, ‘मला अवधी द्या, मी लढतो.’ हे पोर म्हणजे बाळंभट. अवधी मिळताच तो वणीच्या सप्तशृंगगडावर गेला. तेथे त्याने देवीची आराधना केली, तेव्हा मारुतिरायाने त्यास दृष्टान्त दिला आणि लाकडाच्या खांबावर अंगाचे पेच व पकडी कशा साधाव्यात ते करून दाखविले. तो सराव करून बाळंभट परतला. त्याने गुलाबास अस्मान दाखविले आणि ते पाहून अलीने कुस्तीच नाकारली.

अशा कथेपुढे इतिहासाने काय करावे? ती जशीच्या तशी घेता येत नाही, आणि भाकडकथा म्हणून फेकून देणेही बरे नव्हे. प्रथम हे सांगितले पाहिजे की, खांबावरचा व्यायाम दादांच्या जन्मापूर्वी शेकडो वर्षे या देशात माहीत होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या मेहनतीचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत ‘स्तंभश्रम’ हा एक आहे. सोमेश्वराची राजवट ११२६ ते ११३८ ही. तेव्हा दादांनी खांब नव्याने शोधून काढला, असे म्हणता येत नाही. मागे पडलेल्या एका अभ्यासास त्यांनी पुन्हा उभे केले आणि त्यास शिस्तबद्ध विद्येचे रूप दिले, हेच म्हणणे यथार्थ होय.

आता कथेतील मारुतीकडे पाहू. सप्तशृंगगडाच्या रानात वानरांच्या टोळ्या आजही हिंडतात. झाडाच्या बुंध्यास मांड्यांनी विळखा घालून, डोके खाली करून, हात मोकळे ठेवून वानर कसे फिरते, हे जो एकाग्रतेने पाहील, त्यास मल्लखांबाची बाराखडी तेथेच दिसेल. दृष्टान्त झाला तो निद्रेत की भरदिवसा रानात, हा वाद निष्फळ आहे. या कथेत एका शिक्षकाची दृष्टी मात्र स्पष्ट दिसते. आपल्याहून भारी प्रतिस्पर्ध्याशी भाराने झुंजता येत नाही. तेथे लवचीकपणा, चापल्य आणि पकड यांचाच आधार घ्यावा लागतो. दुबळ्याने बलवानासमोर कसे उभे राहावे, या प्रश्नातून ही विद्या नव्याने जन्मास आली.

मल्लखांब म्हणजे दिसावयास एक साधा खांब. शिसवीचा किंवा सागवानी, जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उंच, बुडाशी जाड व वर निमुळता. त्याचे तीन भाग : अंग, मान आणि बोंड. त्यास एरंडेल चोळलेले असते. उमेदवार हाताने खांब धरून उडी घेतो, क्षणार्धात पाय वर व डोके खाली होते, आणि मांड्यांची पकड खांबाभोवती बसते. ही अढी. अढीवाचून पुढे पाऊल नाही. ती पक्की झाली की तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल असे एकाहून एक अवघड प्रकार पायरीपायरीने येतात. कुस्तीतील पेचांत जे अवयव कामी येतात, तेच येथे राबतात. पिळदार कंबर, मांड्यांची पकड, मानेची ताकद आणि पाठीचा कणा हे सारे एका खांबावर तयार होते.

शिक्षकाच्या दृष्टीने या खांबाचे गुण अधिकच मोलाचे आहेत. कुस्ती शिकावयाची तर तोलामोलाचा जोडीदार लागतो. तो थकतो, दुखावतो, कधी रुसतो आणि कधी वैरीही होतो. खांब थकत नाही व कोणाचा द्वेष करीत नाही. आठ वर्षांच्या पोरास आणि पंचवीस वर्षांच्या गड्यास तो सारखाच जोडीदार. वीस मुलांस एक खांब पुरतो. एकजण खांबावर असतो तेव्हा उरलेले एकोणीस डोळ्यांनी शिकत असतात. खर्च म्हणावा तर एक लाकूड आणि वाटीभर तेल. गरिबाघरच्या मुलासही ही तालीम परवडावी, अशीच त्याची घडण आहे.

आणखी एक गोष्ट. वाघाची मावशी जी मांजर, तिने भाच्यास सारे शिकविले, पण झाडावर चढणे तेवढे शिकविले नाही, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. जुन्या तालमींतून उस्तादही एखादा डाव असाच राखून ठेवीत, असे म्हणतात. मल्लखांबावर असे राखणे कठीण. गुरूने खांबावर जे केले, ते चारचौघांच्या डोळ्यांसमोरच केले. झाकावयास आडोसा नाही. ही उघडी विद्या होती, आणि म्हणूनच पुढील संकटातून ती तरली.

ते संकट लवकरच आले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. वार्षिक आठ लाख रुपयांचा तनखा आणि कानपुराजवळ गंगाकाठचे ब्रह्मावर्त ऊर्फ बिठूर हे गाव, एवढे त्यांच्या वाट्यास उरले. शनिवारवाडा गेला, किल्ले गेले आणि फौजा पांगल्या. बाजीरावांबरोबर जी मराठी कुटुंबे त्या परमुलखात गेली, त्यांत बाळंभटदादाही होते. दरबारचा मल्ल म्हणून ज्याने नाव मिळविले, तो वयाच्या चाळिशीच्या सुमारास एका लहानशा क्षेत्राच्या गावी मुलांचा तालीममास्तर झाला. बाहेरून पाहता ही उतरतीच म्हटली पाहिजे. ज्या राज्यासाठी शरीरे घडवावयाची, ते राज्यच उरले नव्हते. तरीही दादांनी खांब पुरला आणि पोरांस अढी शिकविली.

त्या गावी कोणती मुले वाढत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. सन १८२७ मध्ये बाजीरावांनी दत्तक घेतलेले नानासाहेब तेथे होते. मोरोपंत तांब्यांची कन्या मनकर्णिका, जी पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली, तिचे बालपण तेथेच गेले. नाशिक जिल्ह्यातील येवल्यास सन १८१४ मध्ये जन्मलेले तात्या टोपे वडिलांबरोबर तेथेच आले होते. या मुलांनी मल्लखांबाचे धडे दादांच्या आखाड्यात घेतले, असे परंपरा सांगते. तात्यांच्या बाबतीत ती मनास विशेष पटते. सन १८५८ च्या मध्यापासून पुढच्या वसंतापर्यंत अनेक इंग्रज तुकड्यांस झुकांड्या देत, नद्या व डोंगर ओलांडीत जो पुरुष मध्य हिंदुस्थानभर धावला, त्याचे शरीर लहानपणी कोठेतरी कसलेले असलेच पाहिजे.

बाजीराव २८ जानेवारी १८५१ रोजी वारले आणि दादांनी १८५२ मध्ये देह ठेवला. पाच वर्षांनी वणवा पेटला. १८५७ च्या उत्तरार्धात इंग्रज फौजांनी बिठुरात शिरून नानासाहेबांचा वाडा जमीनदोस्त केला. जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडली, आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस तात्यांना फाशी झाली. पेशवाईची उरलीसुरली निशाणी अशा रीतीने पुसली गेली. दादांची विद्या वाड्याच्या आश्रयानेच जगत असती, तर तीही त्या ढिगाऱ्याखाली गाडली जाती.

परंतु ती वाड्यात राहिलीच नव्हती. दादांचे सहकारी व शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्या नावाचा आखाडा काशीस उभा राहिला आणि तेथून दामोदरगुरू मोघे यांच्यासारख्या शिष्यांनी ही विद्या पुढे नेली, अशी गुरुपरंपरा सांगितली जाते. दादांनी ग्रंथ लिहिला नाही. शिष्यांची शरीरे हीच त्यांची पोथी झाली. एकेका शिष्याने दुसऱ्या गावी जाऊन एकेक खांब पुरावा, तेथे दहावीस पोरे तयार व्हावीत, त्यांतील एकाने तिसरे गाव गाठावे, असे हे कार्य चालले. पुढे बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले, तेव्हा कोठे या विद्येस छापील कागदाचा भक्कम आधार मिळाला.

विसाव्या शतकात या झाडास नव्या फांद्या फुटल्या. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. मुंबईत दादरला काळे गुरुजींनी १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर स्थापिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळींनी देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. १९६२ मध्ये ग्वाल्हेरीस मल्लखांब राष्ट्रीय स्पर्धेत आला, १९८१ मध्ये त्याचा अखिल भारतीय महासंघ झाला, आणि २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने त्यास राज्याच्या खेळाचा मान दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी उद्यानात पहिली जागतिक स्पर्धा भरली. तीत पंधरा देशांचे खेळाडू उतरले. मुलींनी दोरीच्या मल्लखांबावर जे प्रावीण्य मिळविले आहे, ते पाहून मनकर्णिकेच्या गुरूस संतोषच वाटला असता.

या साऱ्या गौरवात दादांचे नाव क्वचितच घेतले जाते. शिक्षकाच्या बाबतीत हे नवल नव्हे. विद्यार्थ्याच्या अंगी विद्या पूर्ण मुरली की ती त्यास स्वतःचीच वाटू लागते, आणि तसे वाटावे यातच शिकविण्याची सफलता आहे. दादांच्या आयुष्याचा पूर्वार्ध दरबाराच्या वैभवात गेला व उत्तरार्ध परगावच्या आखाड्यात. पण आज जे उरले आहे, ते त्या उत्तरार्धाचे फळ होय. गुलाबास चीत केल्याची वार्ता दंतकथेत विरून गेली. बिठुरास पोरांना शिकविलेली अढी अजून जिवंत आहे.

नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेत मुले संध्याकाळी खांबास एरंडेल लावतात आणि नमस्कार करून उडी घेतात. तो खांब आणि गोदेच्या खालच्या अंगाचे कोठुरे यांत फार तर एका दिवसाच्या चालीचे अंतर आहे. त्या गावचे नाव त्या मुलांस एकदा सांगावे, म्हणजे गुरुऋणाचा थोडा तरी भाग फिटेल.