व्ही.पी.पी. ते कॅश ऑन डिलिव्हरी

इंटरनेट कंपन्यांची गोष्ट हल्ली नेहमी एकाच साच्यात सांगतात. दोन हुशार मुले, भाड्याची छोटी खोली, एक भन्नाट कल्पना आणि शेवटी कोट्यवधी रुपये! मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे 'एका पराक्रमी पुरुषाने साम्राज्य उभारले' असल्या धड्यांविषयी मला थोडा संशयच असतो. साम्राज्याला घोडे लागतात, चारा लागतो, रस्ते लागतात. ते आधी कोणी तरी केलेले असतात.

आपल्याकडची सुरुवात बघा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. चित्रांसकट दिसणारी जोडणी हवी तर वर्षाला पंधरा हजार रुपये, म्हणजे आम्हा शिक्षकांचा काही महिन्यांचा पगार! त्याच वर्षी मुंबईच्या राजेश जैन यांनी 'इंडियावर्ल्ड' हे संकेतस्थळ सुरू केले, तेही मुख्यतः परदेशातल्या भारतीयांसाठी. इथे वाचक होते कुठे? नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ते ४९९ कोटी रुपयांना घ्यायचे ठरवले आणि एकच गहजब झाला. मग जो तो 'डॉट कॉम' काढू लागला. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि त्यातली बरीच दुकाने बंद पडली.

पण काही तगली. का तगली, हा माझ्या मते खरा इतिहासाचा प्रश्न.

संजीव बिखचंदानी यांची 'नौकरी' १९९७ मध्ये सुरू झाली. कचेरीतले सहकारी मासिक हाती आले की आधी मागच्या पानांवरच्या नोकरीच्या जाहिराती वाचतात, हे त्यांनी पाहिले होते. गरज जुनीच होती, नवी जागा तेवढी दिली. आणि पैसे घेतले ते माणसे शोधणाऱ्या कंपन्यांकडून. नोकरी शोधणाऱ्याला खिशात हात घालावा लागला नाही, हे महत्त्वाचे.

कारण खरी अडचण पैशांचीच होती. म्हणजे पैसे नव्हते असे नाही, भरवसा नव्हता. कार्डे मोजक्यांकडे. ज्यांच्याकडे होती त्यांनाही त्यावरचा आकडा संगणकात भरायची धास्ती. न पाहिलेल्या दुकानदाराला आधी पैसे कोण देणार?

ही भीती मोडायला मोठा हातभार लावला तो आपल्या रेल्वेने. ऑगस्ट २००२ पासून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकीट काढता येऊ लागले. गंमत म्हणजे तिकीट काढायचे इंटरनेटवर, पण ते छापील स्वरूपात कुरियरने घरी येई! स्वतः छापून घ्यायचे ई-तिकीट आले २००५ मध्ये. रांगेत तासन् तास उभे राहिलेल्या माणसाला हे सुख पटवून द्यावे लागले नाही. आणि या सगळ्यामागे १९८० च्या दशकात रेल्वेने उभारलेली संगणकीय आरक्षण व्यवस्था होती. घोडे आणि चारा म्हणतो तो हा.

फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरात पुस्तके विकू लागली. २०१० मध्ये त्यांनी 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली : वस्तू दारात आल्यावर पैसे द्या. तिथून गिऱ्हाईक वाढले. लोकांना हा मोठा नवा शोध वाटला. आम्हा जुन्या माणसांना मात्र हसू आले. अहो, ही तर आपली व्ही.पी.पी.! टपाल खात्याने १८७७ मध्ये सुरू केलेली. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुण्या-मुंबईची पुस्तके अशीच येत. पोस्टमन पैसे मोजून घेई आणि मग पुडके हातात देई. प्रकाशकाचे तोंड आम्ही कधी पाहिले नव्हते. आमचा भरवसा पोस्टमनवर होता.

२०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला. एवढ्या किमतीत त्या दारावरच्या भरवशाचा वाटा किती असेल?

इथे मात्र जुन्या-नव्यात एक फरक पडला आहे आणि तो मला सलतो. खात्यातल्या कायम पोस्टमनला ठरलेला पगार होता, रजा होती, निवृत्तिवेतन होते. आज घामाघूम होऊन तीन जिने चढून येणाऱ्या मुलाला बहुतेक ठिकाणी पुडक्यामागे पैसे मिळतात. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघात झाला तर हाडेही त्याचीच. अशा कामगारांची व्याख्या केंद्राच्या कायद्यात आली तीच मुळी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत.

असो. नव्या पाठ्यपुस्तकांत संस्थापकांची नावे येतील आणि यावीतही, त्यांनी धाडस केले यात शंका नाही. पण धड्याखालच्या स्वाध्यायात मी आणखी एक प्रश्न घातला असता : 'वस्तू घरपोच कोणी आणली, आणि त्याला काय मिळाले?' गुण पाच.