सीमेपलीकडील सरोगसी आणि भ्रूणाची जनुकीय चाचणी

सरोगसीसाठी परदेशाची वाट धरणाऱ्या दांपत्यांना बहुधा भ्रूणाची जनुकीय चाचणीही सुचवली जाते. चाचणीचा अनुकूल अहवाल म्हणजे निरोगी अपत्याची हमी, असा समज रूढ आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही.

प्रयोगशाळेत फलित झालेले भ्रूण पाचव्या किंवा सहाव्या दिवशी सुमारे शंभर वा अधिक पेशींचे होते. ज्या बाह्य आवरणापासून पुढे वार तयार होते, त्यातील मोजक्या पेशी काढून तपासल्या जातात. बाळ ज्या अंतर्भागातून घडते, त्याला हात लावला जात नाही. दोन्ही भागांतील गुणसूत्रे नेहमी एकसारखीच असतात असे नाही. त्यामुळे संशयास्पद ठरलेल्या भ्रूणातूनही निरोगी बालक जन्मल्याची उदाहरणे आहेत. म्हणूनच गर्भारपणात पुन्हा तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. अहवाल येईपर्यंत भ्रूण उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले जाते.

थॅलेसेमियासारखा एका जनुकातील दोष शोधायचा असल्यास आईवडिलांच्या रक्तनमुन्यांवरून चाचणीची पूर्वतयारी करावी लागते. तिला काही आठवडे लागू शकतात. प्रवासाची तिकिटे आधी आणि नमुने नंतर, असा क्रम त्यामुळे महागात पडतो.

या चाचणीतून भ्रूणाचे लिंगही कळते. किंबहुना १९९० मध्ये लंडनमध्ये अ‍ॅलन हँडीसाइड यांच्या पथकाने यशस्वी केलेली सुरुवातीची चाचणी लिंग ओळखण्याचीच होती. मुलग्यांमध्ये प्रकट होणारे आनुवंशिक विकार टाळणे हा तिचा हेतू होता. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवड २००३ पासून त्याच्या कक्षेत आली. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूणाची चाचणी ज्ञात आनुवंशिक वा जनुकीय आजारांसाठीच करता येते. अमेरिकेत मात्र लिंगनिवडीवर संघराज्याचा प्रतिबंध नाही.

चाचणीने न सुटणारा प्रश्न थायलंडमधील एका प्रकरणाने जगासमोर आणला. एका ऑस्ट्रेलियन दांपत्यासाठी तेथील सरोगेट मातेने डिसेंबर २०१३ मध्ये जुळ्यांना जन्म दिला. त्यातील मुलाला डाऊन सिंड्रोम होता. त्याचे निदान गर्भारपणातच झाले होते व आपण गर्भपातास नकार दिला, असे तिने सांगितले. मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली, मुलगा थायलंडमध्येच राहिला. दांपत्याने त्याला टाकून दिल्याचा आरोप जगभर झाला. मात्र २०१६ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या कौटुंबिक न्यायालयाने तो मान्य केला नाही. मुलाला आपल्याजवळ ठेवण्याची इच्छा त्या मातेचीच होती, असे न्यायालयास आढळले. दरम्यान, २०१५ मध्ये थायलंडने परदेशी दांपत्यांसाठी सरोगसी बंद केली.

भारतानेही त्याच वर्षी परदेशी नागरिकांना सरोगसीची दारे बंद केली. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार येथे केवळ परोपकारी सरोगसीस मुभा आहे. भारतात तयार झालेले भ्रूण परदेशी नेता येते ते फक्त स्वतःच्या वापरासाठी, आणि त्यासाठीही राष्ट्रीय मंडळाची परवानगी आवश्यक आहे.